दक्षिणेचा मंद वारा

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये २७:९-२०

दिंडोरीत सध्या सकाळी आकाश निरभ्र असतं. घडांत साखर उतरतेय, व्यापारी बागा बघून जातायत. तरी बागायतदार निवांत नाही. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये गारपिटीने जिल्ह्यातल्या बागा झोडपल्या, तेव्हाही माल असाच तोडणीला आला होता. ऑक्टोबर छाटणीपासूनची मेहनत मातीत गेली. (ती देवाची शिक्षा होती असं कुणी म्हटलं तर मला मान्य नाही.)

पौलाच्या तारवावरचे लोक मात्र निवांत झाले. उपासाचा दिवस उलटला होता, म्हणजे समुद्र धोक्याचा झाला होता. पौलाने सावध केलं. शताधिपतीने तांडेलाचं आणि तारवाच्या मालकाचं ऐकलं. त्यात वेडेपणा नव्हता, ते जाणकार होते, बहुतेकांचं मतही निघावं असंच होतं. आणि नेमका दक्षिणेचा मंद वारा सुटला. बस्स! आपलंच बरोबर, असं त्यांना वाटलं. लवकरच तुफान आलं आणि २७६ माणसं चौदा रात्री समुद्रावर भरकटली.

योनाचंही बघा. देवापासून पळून याफोला गेला, तर तार्शीशचं तारू तयार आणि भाड्याला पैसेही होते. सगळं जुळून आलेलं!

आम्ही सॉफ्टवेअरवाले सगळ्या टेस्ट पास झाल्या की खूश होतो. पण जे तपासलंच नाही, त्याबद्दल ती हिरवी खूण काहीच सांगत नाही. हे मला ऑफिसात कळतं, घरी कळलं नाही.

तीन वर्षांपूर्वी बोनस मिळाला, बँकेने आठवड्यात कर्ज मंजूर केलं, नाशिकला मनासारखा फ्लॅटही सापडला. मी मंडळीत साक्ष दिली की देवाने दार उघडलं. बायको म्हणाली होती, "अहो, दार त्याने उघडलं की तुम्ही ढकललं?" मी हसण्यावारी नेलं. खरं सांगतो, त्या महिन्यांत मी प्रार्थना केली ती फक्त उपकार मानायची. विचारलं काहीच नाही. विचारायची गरजच वाटली नाही. पाच महिन्यांनी प्रोजेक्ट बंद पडला, नोकरी गेली आणि हप्ते भरायला तिचे दागिने मोडावे लागले. ती एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं.

वारा वाईट नव्हता. तो देवाचाच होता. पण कुठे जायचं हे वाऱ्याने सांगितलं नव्हतं, ते आम्हीच त्याच्या तोंडी घातलं.

आता पुण्याहून नवी ऑफर आलीय. पगार दीडपट, राहायची सोयसुद्धा. शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे. या वेळी आधी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "बाबा एकटे पडतील, त्याचं काय?" हा प्रश्न माझ्या यादीतच नव्हता.

प्रार्थना: प्रभू, शुक्रवारपर्यंत आम्हा दोघांना तुझ्यापुढे बसव. आणि बाबांशी बोलायला मला धीर दे. आमेन.