चार चमच्यांचा प्रश्न

जगातले मोठे प्रश्न सोडवायला मोठी माणसं असतात. माझ्या वाट्याला नेहमी चमच्याएवढे प्रश्न येतात आणि तेही सुटता सुटत नाहीत.

वास्तविक आमचं सिरोंचा म्हणजे मोठ्या मापांचं गाव. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते. थोडं खाली मेडीगड्ड्याला 2019 साली धरण झालं, त्याला 85 दरवाजे. तिथे पाण्याचा हिशेब टीएमसीत चालतो. आमच्या घरात मात्र वर्षभर एकच हिशेब चालला होता : चार चमचे वरणभात बारीक कसा करायचा?

हा वरणभात आईचा. आई चौऱ्याऐंशीची. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा जिल्हा चांदा होता. पुढे त्याचा चंद्रपूर झाला आणि 1982 साली आमच्या वाट्याला गडचिरोली आला. जिल्हे बदलले, पण आईबरोबर आलेला पाटा जागचा हलला नाही. हलले ते आईचे दात. मागल्या वर्षी शेवटचा गेला आणि घास गिळणंही जड होऊ लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, "अन्न गुळगुळीत हवं, पण पातळ नको. पातळ दिलं तर ठसका लागेल." 

आता तुम्ही म्हणाल, घरात मिक्सर नाही का? आहे की! परदेशी मिक्सरच्या मोटरी आपल्या चटण्यांपुढे मान टाकत, म्हणून सत्यप्रकाश माथुर नावाच्या अभियंत्यानं 1960च्या दशकात मुंबईत 'सुमीत' काढला, तेव्हापासून मिक्सर मध्यमवर्गाचा घरजावई झाला आहे. आमचाही आहे. पण तो मनानं मोठा. पाव किलोच्या खाली तो बोलत नाही. त्याच्या भांड्यात चार चमचे भात घाला. पातं एक गिरकी घेतं, भात उडून भिंतीला चिकटतो आणि पातं आपलं हवा वाटत बसतं. पाणी घातलं तर वाटलं जातं, पण पाणी घालायचं नाही. म्हणजे झाली ना पंचाईत?

म्हणून आमची ही दिवसातून तीनदा पाट्यावर बसायची. आणि मी? मी तत्त्वज्ञान सांगायचो.

मंचेरियालला एका कामासाठी गेलो असताना दुकानात चौकशी केली होती. दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "इंट्लो एंत मंदी?" घरात माणसं किती? मी म्हटलं, माणसं तीन, पण खाणारं एक, आणि तेही पाव. तो बुचकळ्यात पडला. मग त्यानं साडेसातशे वॅटचं, तीन भांड्यांचं धूड पुढे केलं. ते नको म्हटल्यावर दांड्याला पातं लावलेलं ब्लेंडर दाखवलं. पण त्याचं पातं अन्नात बुडावं लागतं, आणि आमच्या चार चमच्यांत बुडणार काय? दोरी ओढायचं यंत्र दाखवलं. ते चिरतं, वाटत नाही. शेवटी एक इवलंसं यंत्र काढलं. त्याचा पेला भरून उपडा बसवायचा, म्हणजे सगळं आपल्या वजनानं पात्यावरच येतं. मधेच थांबून पेला हलवला की भिंतीला चिकटलेलंही खाली पडतं.

तेच हवं होतं. पण मी रिकाम्या हातानं परत आलो. वाटेत प्राणहितेच्या पुलावर माझ्यातला विचारवंत जागा झाला होता. घरी येऊन मी म्हणालो, "आईच्या घासासाठी बटण दाबायचं? अगं, हातानं वाटण्यात माया असते. यंत्रातून ती कशी उतरणार?"

"बरं," ही म्हणाली, "मग आजची माया तुम्ही वाटा."

मी बसलो. पाचव्या मिनिटाला पाठ बोलायला लागली, सातव्याला गुडघा. दहाव्या मिनिटाला वरवंटा बोटावर आला आणि मायेऐवजी भलताच शब्द तोंडातून उतरला. तरी मी मत बदललं नाही. पाठ निवली की मतं पुन्हा ताठ होतात. ज्याला वाटायला बसावं लागत नाही, त्याला वरवंट्यात काव्य फार दिसतं.

पुढे आईचं जेवण कमी होऊ लागलं. चाराचे दोन चमचे झाले, दोनाचा एक. "भूक नाही रे बाबू," एवढंच. वजन उतरलं, आवाज बारीक झाला. आम्ही भाजी बदलली, तूप वाढवलं, डॉक्टर झाले. एका दुपारी ही शेजारी गेली होती. आईनं हळूच विचारलं, "थोडंसं काही आहे का रे, केळंबिळं?"

म्हणजे भूक होती!

"मग सकाळी नाही काहून म्हणालीस?"

आई बराच वेळ पाट्याकडे बघत राहिली. "तिचे गुडघे दुखते बाबू. चार चमच्यासाठी ती तिथं बसते अन् मी खाटेवरून पाहते. घास उतरत नाही."

मी गप्प झालो. देणाऱ्यानं किती झिजावं यावर मी इतके दिवस व्याख्यानं झोडत होतो. घेणाऱ्यालाही ते झिजणं दिसतं, आणि प्रत्येक घासाबरोबर ते गिळावं लागतं, हे माझ्या तत्त्वज्ञानात नव्हतंच. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पाट्यावर बसलेल्या बाईला ते बसणं म्हणजे काय हे बरोबर ठाऊक होतं. कष्ट ही मायेची खूण असेलही. पण ती खूण दुसऱ्याच्या गुडघ्यावर उमटवून आपण मायेचा हिशेब मांडू नये.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मंचेरियाल गाठलं. दुकानदारानं या वेळी माणसं मोजली नाहीत. खरेदी दहा मिनिटांत झाली.

यंत्र वीस सेकंद गुरगुरतं, पेला हलवायचा, पुन्हा वीस सेकंद. एवढं तर मलाही जमतं. त्यामुळे ते माझ्याकडेच आलं. आईला त्यात माया लागते की नाही, हे मी विचारलेलं नाही. पण संध्याकाळी चार वाजता खाटेवरून हाक येते, "बाबू, लाव न तुझी ती गुर्रगुर्र." हक्कानं येते. गेल्या आठवड्यात तर "आज जरा जास्त कर" असंही ऐकू आलं.

पाटा आहे तिथेच आहे. वीज गेली की मी त्याच्यावर बसतो. आता मात्र बसताना काही बोलत नाही.