फुलावर येण्याआधी

पाऊस उघडला आहे. मंगरूळपीरहून कारंजाकडे जाताना सोयाबीनच्या एखाद्या धुऱ्याशी थांबा. खाली बसा, पण झाडांना अंग लावू नका. ध्यानाला बसताना दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. इथे तो साधाच चालू द्या. समोर गाजर गवत फुललं आहे आणि त्याच्या परागांनी अनेकांचा दमा उसळतो.

नजर एकाच झाडावर ठेवा. ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुलं. आणखी जवळून पाहा: प्रत्येकाला पाच कोपरे, आणि कोपऱ्यागणिक एक बी. आता झाडावरची सगळी फुलं मोजू लागा. थोड्याच वेळात मोजणं सोडून द्याल. एका जोमदार झाडाला 15,000 किंवा त्याहून जास्त बिया धरतात. वारा, वाहतं पाणी, गाड्यांची चाकं त्या पुढे नेतात. मूळ मेक्सिकोकडचं हे झाड 1955च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या धान्यासोबत आलं असं मानतात.

आता झाड सोडा, त्याखालची जमीन पाहा. धुरा, रस्त्याची कडा, शाळेमागचं पटांगण, पडीक प्लॉट. जिथे आपण काही लावलं नाही, जिथे चराई होऊन माती उघडी पडली, तिथेच ते दाट आहे. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि त्याच्या अंगातलं पार्थेनिन नावाचं रसायन मातीत उतरून शेजारच्या बियांना नीट रुजू देत नाही. तरीही झाडावर राग धरण्यात मला अर्थ दिसत नाही. मोकळी जागा आपण सोडली.

इथे थोडं रेंगाळा. निंदायला आलेल्या बायांचे हात आठवा. दिवसभर उघड्या हातांनी हे उपटायचं, आणि मग मनगटं, कोपरांचे सांधे, मान, पापण्या खाजून लाल. एकदा ही अॅलर्जी जडली की वर्षानुवर्षं जात नाही. त्या मजुरीत हातमोज्यांचे पैसे कुणी धरतं का? हा प्रश्न मनात असू द्या, लगेच उत्तर देऊ नका.

मग पानं उलटून पाहा. कुरतडलेली दिसली, तर ते मेक्सिकन भुंग्याचं काम असू शकतं. या झाडाला आवर घालायला 1984 साली त्याला बंगळुरूला मुद्दाम सोडलं. पावसाळ्यात तो पानं फस्त करतो, कोरड्या दिवसांत मातीत निपचित राहतो. मदत करतो, पण सगळं त्याच्यावर सोपवता येत नाही.

उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत हे झाड फुलतं. तेवढीच मुदत आपल्या हाती असते. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात माती ओली असताना, फुलं येण्याआधी, ते मुळासकट उपटा. उपटणाऱ्या प्रत्येकीला हातमोजे द्या. आणि रिकामी झालेली जागा तशीच ठेवू नका. त्याआधीच्या उन्हाळ्यातच तिथे तरोट्याचं बी फेकून ठेवा, म्हणजे जागा मोकळी राहणार नाही.