थकायच्या आधी

आपल्याकडे आजार दिसावा लागतो. पायाला प्लास्टर असले की शेजारी मोसंबी घेऊन येतात; नुसता थकवा असला की सल्ला घेऊन येतात. "जरा फिरून येत जा, मोकळं वाटेल," हा त्यातला सर्वांत स्वस्त सल्ला, आणि मला सर्वांत महाग पडणारा.

माझ्या दुखण्याचे नाव उच्चारतानाच दम लागतो: मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस. त्याची खोड अशी, की श्रमाचे बिल ते जागच्या जागी देत नाही. भाचीच्या लग्नात मी दोन तास हसतो, बोलतो, चक्क मठ्ठासुद्धा वाढतो. लोक म्हणतात, "बघा, काही झालेलं नाही याला!" बिल येते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, व्याजासकट. अंग ठणकते, उजेड सोसत नाही, वर्तमानपत्रातले एक वाक्य डोक्यात शिरत नाही. तेव्हा बघायला कोणी नसते. साक्षीदार सगळे लग्नातले.

डॉक्टरमंडळींचेही तेच. 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळातले कितीतरी कर्मचारी अशाच दुखण्याने आडवे झाले. 1970 मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी टिपणे वाचून तो सामूहिक उन्माद ठरवला. हळूहळू व्यायाम वाढवा, हा उपदेश ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेतून गेला तो थेट 2021 साली! आता सांगतात, शक्तीच्या आत राहा. थकायच्या आधी थांबा.

खरी पंचाईत इथेच आहे. थकल्यावर थांबणे ही विश्रांती. थकायच्या आधी थांबणे याला मराठीत आळस म्हणतात. बायको ऑफिसातून येऊन भाजी निवडत असताना मी धडधाकट चेहऱ्याने पडून राहायचे, ते कोणत्या तोंडाने? बरे, मदत करावी तर परवा माझे पाणी, माझे पांघरूण, माझी औषधे तिच्याच गळ्यात. म्हणजे मदत हा स्वार्थ आणि लोळणे हा परोपकार! हिशेब बिनचूक आहे. पण थकायच्या आधी थांबावेसे तिलाही वाटत असेलच की. त्यासाठी लागणारा आजार तिच्याकडे नाही, एवढेच.

तेव्हा गवारीच्या पंधरा शेंगा माझ्या वाट्याला. सोळावीला हात घातला की ती ताट ओढते, "पुरे हं आता!" मग आमचे भांडण होते. हल्ली तेही पाच मिनिटांचेच ठेवले आहे.