आधी लाभलेले सत्य

जबलपूरच्या छावणी भागात 1951 साली सेंट अलॉयशियस महाविद्यालय सुरू झाले. चालक कॅथलिक धर्मसंस्था. पदवी मात्र शासकीय विद्यापीठाची, ज्याला पुढे राणी दुर्गावतीचे नाव मिळाले. विद्यार्थी बहुसंख्येने ख्रिस्तेतर. मग अशा संस्थेत 'कॅथलिक' हे विशेषण नेमके कशाचे? प्रवेशद्वारावरील क्रूसाचे, शिस्तीचे, की ज्ञानाकडे पाहण्याच्या एखाद्या दृष्टीचे?

यामागची शंका जुनी आहे. ज्याला अंतिम सत्य आधीच लाभले, त्याने सत्याच्या शोधासाठी विद्यापीठ कशाला काढावे? जॉन हेन्री न्यूमन यांनी 1852 साली डब्लिन येथील व्याख्यानांत तिला उत्तर दिले. विद्यापीठ हे सर्व विद्यांचे स्थान. त्यातून ईश्वरशास्त्र वगळले, तर रिकाम्या जागी शेजारच्या विद्या आपली मर्यादा ओलांडून शिरतात. तथापि ज्ञान हे स्वयंमेव साध्य आहे, माणसाला धार्मिक बनविणे हे त्याचे काम नव्हे, असेही तेच न्यूमन बजावतात. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या 15 ऑगस्ट 1990 च्या आज्ञापत्रात संशोधनाचे स्वातंत्र्य मान्य आहे आणि ईश्वरशास्त्राच्या अध्यापकाकडून धर्मसंस्थेच्या शिकवणुकीशी निष्ठाही अपेक्षित आहे. दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजात नांदतात. सुखाने नांदतात, असे मात्र म्हणवत नाही.

भारतात या प्रश्नाचे अधिक समाधानकारक उत्तर एका माणसाच्या कामात सापडते. बेल्जियममधून आलेले जेझुइट धर्मगुरू कामिल बुल्के यांनी अलाहाबाद विद्यापीठात रामकथेच्या उगमावर व विकासावर प्रबंध लिहिला, आणि प्रबंध इंग्रजीत लिहिण्याची रीत असताना तो हिंदीत लिहिला. पुढे रांचीच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते हिंदी-संस्कृत शिकवीत. 1616 साली फादर स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, तेव्हा हेतू ख्रिस्तकथा सांगण्याचा होता. बुल्के यांनी दुसऱ्याची कथा अभ्यासिली, आणि तीही तिच्या सर्व पाठभेदांसह. श्रद्धा त्यांच्या आड आली नाही. ज्याने स्वतः प्रार्थना केली आहे, त्याला तुलसीदासांची भक्ती तुच्छतेने वाचता येत नसावी.

पदवीचे मोल पगारावरून ठरविणाऱ्या काळात असे अध्ययन परवडणारे नाही, हे खरे. आणि उत्तम निकाल लावणाऱ्या संस्थेला आपले विशेषण विसरणे फार सोपे जाते. पण अवघड भाग पुढेच आहे. बुल्के यांनी रामकथेची जशी छाननी केली, तशीच बायबलची छाननी जबलपूरच्या एखाद्या हिंदू वा जैन विद्यार्थ्याने आरंभिली, तर त्याला ग्रंथालयाचे कपाट उघडून द्यायला कोण पुढे होईल?