ऑपरेशनच्या आधीची वर्षे

महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 वर आला आणि देशाचा 2.0 वर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीतले हे आकडे. ज्या लोकसंख्यावाढीची धास्ती घालून तीन पिढ्यांना कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण दाखवला, ती वाढ आपल्याकडे बऱ्यापैकी आटोक्यात आली. हे यश मोठे आहे. पण ते कोणाच्या जिवावर मिळाले, हेही त्याच सर्वेक्षणात लिहिलेले आहे. राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या बायकांचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुष नसबंदीचे देशातले प्रमाण 0.3 टक्के. ऑपरेशन करून घेताना निम्म्या बायकांचे वय 26 च्या आतच असते.

म्हणजे लग्न, पहिले मूल, दुसरे मूल आणि ऑपरेशन, एवढे सगळे बाईच्या पंचविशीपर्यंत उरकते. ती वयात आल्यापासून टेबलावर जाईपर्यंतच्या दहा-बारा वर्षांत सरकारी आरोग्ययंत्रणा तिच्याशी कुटुंब नियोजनाबद्दल काय बोलते? बहुतेकदा काहीच नाही. दुसरे मूल झाले की मात्र लगेच बोलते.

याची मुळे जुनी आहेत. सरकारी पातळीवर कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम 1952 मध्ये सर्वांत आधी भारताने सुरू केला, आणि पहिल्यापासून त्याचा प्रश्न एकच राहिला: मुले किती? मग उद्दिष्टे आली, शिबिरे आली. 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले होते, हे आपण सोयीने विसरतो. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. कैरोच्या 1994 च्या परिषदेनंतर दोन वर्षांनी आपण उद्दिष्टे कागदावरून काढली, पण सवय गेली नाही. ‘किती’चे उत्तर मिळवताना ‘कधी’ हा प्रश्न राहूनच गेला. तरुणांना तर तोच पडलेला असतो.

साधने नाहीत असे मुळीच नाही. निरोध, तांबी आणि गोळ्या होत्याच. 2017 पासून दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळी सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. ‘छाया’ लखनऊच्या प्रयोगशाळेत तयार झालेली. अडचण आहे ती नोंदवहीत. आशाताईंकडे असते ती जननक्षम जोडप्यांची यादी. लग्न झाले की नाव त्यात चढते, पण नव्या नवरीला पाळणा लांबवण्याविषयी विचारायला जावे तर सासू दारात उभी. वर्षाच्या आत दिवस राहिले नाहीत तर कुजबुज सुरू होते. गोळ्या खाल्ल्या तर पुढे मूल होणार नाही, हा समज शिकलेल्या घरांतही पक्का आहे. आणि नवरा? त्याच्याशी या विषयावर कोणी बोलतच नाही. जणू मूल एकट्या बाईला होते!

बीड जिल्ह्यात हे सगळे एकाच आयुष्यात दिसते. तिथे 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न 18 च्या आत झालेले आढळले. तिथून ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराचा अर्धा कोयता. शिवाय आई-बाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची? कारखान्यावरच्या कोपीत ती सुरक्षित नाही, गावातही नाही. म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिला उजवून टाकतात. हे अडाणीपणाचे लग्न नव्हे, ते मजुरीच्या व्यवस्थेने लावलेले लग्न आहे. मग ती ज्या उपकेंद्राच्या यादीत असते तिथून शेकडो किलोमीटरवर फडात असते. ‘अंतरा’ची तारीख येते तेव्हा सिस्टर गावात आणि ती मोळ्या बांधत असते. पुढे ऑपरेशन, आणि अंगावरून जायला लागले की गर्भाची पिशवी काढणे. 2019 मध्ये हे प्रकरण गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पिशव्यांबद्दल बरीच चर्चा झाली. त्याआधीच्या दहा वर्षांबद्दल फारच थोडी.

लग्न न झालेली मुलगी तर कोणत्याच यादीत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने 18 च्या आतला कोणताही शरीरसंबंध गुन्हा ठरवला आणि तो पोलिसांना कळवणे सर्वांवर बंधनकारक केले. न कळवल्यास कैद होऊ शकते. लहान मुलांच्या संरक्षणासाठी हा कायदा हवाच. पण सतरा वर्षांच्या मुलीची पाळी चुकली आणि संबंध तिच्या समवयस्क मित्राशी असला, तर दवाखान्याची पायरी चढणे म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी चढणे होते. मग ती औषधाच्या दुकानात विचारून मिळेल ती गोळी घेते. गर्भपाताची मर्यादा काही स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत वाढली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये त्या तरतुदीत अविवाहितेलाही आणले, आणि अल्पवयीन मुलीच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी पोलिसांना तिचे नाव कळवण्याची गरज नाही असेही सांगितले. निकाल शहाणपणाचा आहे. तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत तो पोचलेला आणि पटलेला असला तर उपयोग.

र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. त्याच महाराष्ट्राने 2007 मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली, कारण संस्कृती बिघडते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग ‘तारुण्यभान’ची शिबिरे घेतात. मुलामुलींशी शरीराबद्दल, गर्भधारणेबद्दल, नात्यातल्या जबाबदारीबद्दल मोकळेपणाने बोलतात. गडचिरोलीत जमते ते पुण्यात जमू नये, याला कारण संस्कृती नाही, शिक्षकांची आणि पालकांची भीड आहे.

आता काही नेते उलटे सांगू लागले आहेत. आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी 2024 मध्ये लोकांना जास्त मुले जन्माला घालण्याचे आवाहन केले. कालपर्यंत कमी, आज जास्त. हिशेब राज्याचा आणि पोट बाईचे. तरुणांनी कधी, किती आणि मुळात हवे का हे ठरवावे, यासाठी त्यांच्या हाती माहिती आणि साधन द्यायचे, एवढेच सरकारचे काम आहे. ऊसतोड मजुरांच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी साधा आहे: ज्या कारखान्याच्या हद्दीत फड, तिथल्या उपकेंद्राने त्या बायकांची जबाबदारी घ्यावी, नाव कोणत्याही गावच्या वहीत असो.

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी लग्नांच्या तारखा धरल्या जातात. तुमच्या घरात लग्न ठरले असेल तर पत्रिका छापायच्या आधी नवरा-नवरी दोघांनाही मिळून एकदा डॉक्टरकडे पाठवा. आणि लग्नानंतर ‘गोड बातमी कधी?’ हे त्यांना कोणीही विचारू नका, तुम्हीही नाही.