फूल शिळं कधी होतं?

निशिगंधाची काडी घरी आणली की पहिलं काम म्हणजे तिचा तळ पुन्हा कापायचा. धारदार सुरीनं, तिरका, बोटभर, आणि जमल्यास पाण्यात बुडवून. तोडल्या क्षणापासून देठ हवा ओढू लागतो. पाणी वर नेणाऱ्या केसाएवढ्या नळ्यांत बुडबुडा अडकला की वाट बंद, आणि काठोकाठ भरलेल्या फुलदाणीत फूल तहानेनं मान टाकतं.

हे मला कोलकात्यात आल्यावर कळलं. हावडा पुलाच्या टोकाशी, हुगळीच्या काठी मल्लिक घाटाचा फूलबाजार भरतो. कोलाघाट-पांशकुड्याकडून पहाटेच्या गाड्यांनी फुलं येतात. आमच्याकडची गुलछडी इथे रजनीगंधा. लग्नात तीच, तिरडीवरही तीच. तिथल्या एका विक्रेत्यानं मला शिकवलं : पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, ती कुजतात. खालची फुलं आधी उमलतात, सुकली की खुडा, म्हणजे वरच्या कळ्यांना बळ मिळतं. पाणी नुसतं वाढवू नका, बदला. बाकीचं मी वाचून जमवलं. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर साखर फुलाच्या पोटासाठी. पण ती जंतूंनाही आवडते, म्हणून थोडं लिंबू आणि ब्लीचचे काही थेंब. पिकल्या फळांमधून इथिलीन वायू निघतो, तो फुलांना लवकर म्हातारं करतो. कार्नेशन तर फारच हळवं, म्हणून आंब्याची टोपली दुसऱ्या खोलीत. (तांब्याचं नाणं टाका असंही सांगतात. आपली एक-दोन रुपयांची नाणी आता पोलादाची आहेत, त्यांचा काय उपयोग!)

आई पुण्याहून माझ्याकडे राहायला आली आणि या उद्योगाला घरातच विरोधक मिळाला. तिच्या देवघरात रोज सकाळी कालची फुलं निघायची. टवटवीत असली तरी. मी एकदा म्हणाले, "अगं, हा जास्वंद अजून ताजा आहे." ती म्हणाली, "ताजा असेल, पण वाहून झालाय." तिच्या लेखी फूल शिळं होणं सुकण्यावर नव्हतंच. देऊन झालं की ते निर्माल्य. उलट बेलाचं पान मात्र ती धुऊन पुन्हा वाहायची, कारण बेल शिळा होत नाही असं शास्त्र, आणि आमच्या भागात तो मिळतही नसे. माझ्या फुलदाणीकडे बघून म्हणायची, "तू त्यांना जाऊच देत नाहीस."

मला ते लागायचं. माझं उत्तर तयार होतं : तोडलेलं फूल मेलेलं नसतं. ते श्वास घेतं, साठवलेली साखर जाळतं, कळी काडीवरच उमलते. जगदीशचंद्र बसूंनी याच शहरात वनस्पतींचे प्रतिसाद यंत्रांवर मोजले. १९१७ मध्ये स्थापन झालेली त्यांची संस्था इथेच आहे. मग जिवंत फूल केराच्या बादलीत टाकणं ही क्रूरता नव्हे का? यावर आई म्हणाली, "तोडलंस तेव्हा नाही आठवलं?"

यातून मला सुटता आलेलं नाही. तोडण्याचा अपराध, तो अपराध असेल तर, साखरपाण्यानं भरून निघत नाही. पण त्यामुळे साखरपाणी निरर्थकही ठरत नाही. तोडून आणलं म्हणूनच मी त्याचं काहीतरी देणं लागते. प्रश्न एवढाच, की ते देणं कुठपर्यंत?

आई चौऱ्याऐंशीची असताना तिनं हळूहळू अन्न सोडलं. रुसून नव्हे, घास तोंडात धरून बसायची, गिळायचं विसरल्यासारखी. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून अन्न देण्याचा पर्याय सांगितला. पुण्याहून दादाचा फोन रोज यायचा. "नळी घालून तिचे दोन महिने वाढणार असतील, तर आपण कोण नाही म्हणणारे?" मी म्हणाले, "आणि हो म्हणणारे तरी कोण?" आईला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं नाकापुढून हात हलवला, माशी हाकलावी तसा. त्याला नकार म्हणायचं का, हे आम्हा दोघांनाच ठरवायचं होतं. आम्ही तो नकार मानला.

त्या दिवसांत तिच्या उशाशी निशिगंध होता. मी रोज पाणी बदलायचे, देठ नखभर कापायचे, रात्री फुलदाणी गार खिडकीत ठेवायचे. एकीकडे आईला नळी नको म्हणणारी मी आणि दुसरीकडे फुलाच्या देठाखाली साखर ठेवणारी मी : ही विसंगती मला दिसत होती. फूल आणि माणूस यांची तुलना लंगडी आहे हेही ठाऊक होतं. फुलाला नको म्हणता येत नाही. आईला आलं, निदान हातानं. तरी फुलदाणीपाशी काही उमगलं असेल तर इतकंच, की पाणी बदलणं आणि मरण पुढे ढकलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच हातानं होत असल्या तरी. मी आईचे ओठ ओल्या कापसानं पुसत होते, कूस बदलत होते, पाठीला पावडर लावत होते. त्यातलं काहीही तिला टिकवण्यासाठी नव्हतं. पण ते थांबवायचं मनात आलं नाही.

दादाला हा फरक पटला नाही. त्याच्या मते ही माझी शब्दांची कसरत. काही रात्री मलाही तसंच वाटतं. दोन महिने मिळाले असते, त्यात एखादी सकाळ अशी आली असती की तिनं मला नावानं हाक मारली असती. नसतीही आली. हे तपासून पाहायची सोय नाही.

ती गेली तेव्हा शेजाऱ्यांनी रजनीगंधाचे हार आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवरचा हार मी काढला. ताजा होता, तरी काढला. उशाजवळच्या फुलदाणीत तीन काड्या उरल्या होत्या, टोकाच्या कळ्या अजून मिटलेल्या. बादली हातात घेऊन मी तिथे बराच वेळ उभी होते. मग खालची सुकलेली फुलं खुडली आणि पाणी बदललं.