मुलाच्या बाजूचे माणूस

१९५९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘डेनिस द मेनेस’ ही विनोदी मालिका सुरू झाली. हँक केचम यांच्या वर्तमानपत्रातल्या लोकप्रिय चित्रमालिकेवर ती आधारलेली होती. डेनिस हा व्रात्य पण मनाने निर्मळ मुलगा. अंगात पट्ट्यांचा टी-शर्ट, त्यावर डांगरी, खिशात गलोल. शेजारच्या मिस्टर विल्सन यांच्या नाकी नऊ आणणे हा त्याचा उद्योग. रविवारी संध्याकाळी घरोघरी त्याची वाट पाहिली जाई. ही भूमिका करणारा जे नॉर्थ मालिका सुरू झाली तेव्हा आठ वर्षांचा होता. पुढच्या चार वर्षांत मालिकेचे १४६ भाग झाले.

जे नॉर्थ लहान असतानाच वडील घर सोडून गेले होते. आई नोकरी करून घर चालवत होती, त्यामुळे तिला दिवसभर चित्रीकरणाला थांबणे शक्य नव्हते. मुलाकडे लक्ष देण्याची जबाबदारी तिने आपली बहीण आणि तिचे यजमान यांच्यावर सोपवली. त्या दिवसांत काय घडत होते, हे नॉर्थ यांनी मोठेपणी अनेकदा सांगितले. एखाददुसऱ्या टेकमध्ये प्रसंग जमला नाही, की मावशी त्याला धाक घाली, मारही देई. इतर कलाकारांत मिसळण्याची मोकळीक नसे. दुपारचे जेवण तो आपल्या खोलीत एकट्यानेच जेवत असे. मालिकेसाठी त्याच्या मूळच्या तांबूस केसांना पांढरट सोनेरी रंग दिला जाई. पडद्यावर घर डोक्यावर घेणारा हा मुलगा प्रत्यक्षात भेदरलेला होता. हे आईला सांगण्याचेही धाडस त्याला झाले नाही.

१९६२ च्या फेब्रुवारीत मिस्टर विल्सन यांची भूमिका करणारे जोसेफ कर्न्स अचानक वारले. दहा वर्षांच्या जेला त्याचा मोठा धक्का बसला. त्यांच्या जागी दुसऱ्या नटाला आणण्यात आले आणि मालिका पुढे चालू राहिली. पुढच्या वर्षी ती संपली. तोवर जे बारा वर्षांचा होत आला होता. उंची वाढत होती. खट्याळ लहान मुलाच्या भूमिका आता मिळणार नव्हत्या, आणि प्रेक्षकांना तर तो डेनिस म्हणूनच हवा होता.

पुढच्या कामातले एक भारताशी जोडलेले आहे. हत्तीच्या सोबतीने प्रवास करणाऱ्या दोन मुलांची गोष्ट सांगणारा ‘माया’ हा चित्रपट १९६६ साली आला आणि त्यावरून १९६७-६८ मध्ये एनबीसी वाहिनीने मालिका केली. दोन्हींचे चित्रीकरण भारतात झाले. जे नॉर्थ यांच्यासोबतचा दुसरा मुलगा होता साजिद खान, म्हणजे मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’तला लहानपणीचा बिरजू. ही मालिका एकाच हंगामात आटोपली. मग काही व्यंगचित्र मालिकांना नॉर्थ यांनी आवाज दिला. हळूहळू कामे कमी होत गेली. १९७७ मध्ये ते नौदलात दाखल झाले, पण डेनिसने तिथेही पाठ सोडली नाही. या प्रसिद्धीमुळेच त्यांना बरेच सोसावे लागले आणि १९७९ मध्ये ते बाहेर पडले. बालपणाचा राग मनात साचलेलाच होता.

जानेवारी १९९० मध्ये रस्टी हेमर यांनी आत्महत्या केली. ‘मेक रूम फॉर डॅडी’ या मालिकेतून तेही लहानपणी घराघरांत पोहोचले होते. मृत्यूच्या वेळी त्यांचे वय ४२ होते. या बातमीने पॉल पीटरसन अस्वस्थ झाले. ‘द डोना रीड शो’मधून तेही लहान वयातच प्रसिद्ध झाले होते आणि काम आटल्यावर येणारी पोकळी त्यांनी स्वतः अनुभवली होती. त्याच वर्षी त्यांनी ‘अ मायनर कन्सिडरेशन’ ही संस्था सुरू केली आणि जुन्या बालकलाकारांना शोधून काढून आधार द्यायला सुरुवात केली. जे नॉर्थ त्यांपैकी एक होते. आपले म्हणणे समजून घेणारे माणूस त्यांना इथे भेटले. त्यांनी मानसोपचार घेतले, दडवून ठेवलेले उघडपणे बोलू लागले, आणि पुढे संस्थेच्या कामात हातभारही लावू लागले.

१९९३ मध्ये लग्नानंतर ते फ्लोरिडातल्या लेक बटलर या लहानशा गावी गेले. तिथे त्यांनी नवा पेशा पत्करला. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांच्या सुधारगृह व्यवस्थेत ते अधिकारी म्हणून काम करू लागले. बिथरलेल्या, रागावलेल्या, कुणावरही विश्वास न ठेवणाऱ्या मुलांमध्ये वावरण्याचे हे काम होते. ६ एप्रिल २०२५ रोजी लेक बटलर येथे, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

बालकलाकारांसाठी अमेरिकेत कायदे नव्हते असे नाही. चॅप्लिनच्या ‘द किड’मधला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची लाखो डॉलरची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवलेली होती. त्या प्रकरणानंतर १९३९ मध्ये कॅलिफोर्नियाने ‘कूगन कायदा’ केला. त्यातल्या पळवाटा बुजवून, २००० सालापासून, कमाईतला किमान १५ टक्के वाटा मुलाच्या नावे वेगळा ठेवणे बंधनकारक झाले. समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींत झळकणाऱ्या मुलांसाठीही इलिनॉय राज्याने २०२३ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये अशी तरतूद केली. भारतात २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते आणि उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला काम करायला लावू नये, हेही त्या नियमांत आहे.

पैसा आणि तास मोजता येतात, म्हणून त्यांचा कायदा करता येतो. पण मूल भ्यायले आहे का, हे जवळच्या माणसालाच ओळखावे लागते. जे नॉर्थ यांच्या लहानपणी अवतीभवती दिग्दर्शक, तंत्रज्ञ, कलाकार, नातेवाईक सगळे होते. प्रत्येकाचे लक्ष प्रसंग नीट होतो की नाही याकडे होते. त्या मुलाच्या बाजूने उभे राहणारे कुणी नव्हते. ते माणूस त्यांना चाळिशीच्या उंबरठ्यावर मिळाले, आणि तिथून त्यांचे आयुष्य सावरले.

आज गाण्याच्या, नाचाच्या स्पर्धांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून लहान मुले कॅमेऱ्यासमोर येत आहेत. त्यांचे कौतुक जरूर व्हावे. पण त्याआधी घरातल्या एका तरी मोठ्या माणसाने मुलाला, कुणी ऐकत नसताना, शांतपणे विचारावे: तुला हे आवडते आहे ना? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते शेवटचे मानावे.